मदत हवी आहे: पाठ केलेलंच शिळं होतंय, काय करावं?

नमस्कार मंडळी,

डेटा विश्लेषणाचं काम करतो. पायथन, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), थोडं संख्याशास्त्र असं जमेल तसं स्वतःच शिकत आलोय. वाचलेलं डोक्यात राहावं म्हणून अंकी या उजळणीच्या ॲपमध्ये प्रश्नोत्तरांची कार्डं करतो. उत्तर आठवलं की तेच कार्ड पुढच्या वेळी आणखी उशिरा समोर येतं. विसरण्यावर हा उपाय नामी आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

दुखणं वेगळंच आहे. परवा पांडाज या पायथनच्या लायब्ररीचं कार्ड आलं: ‘पांडाजमध्ये डेटाफ्रेमला (म्हणजे डेटाच्या तक्त्याला) नवी ओळ कशी जोडायची?’ मी झटकन ‘अपेंड’ म्हटलं आणि कार्डानुसार उत्तर बरोबर! पण हे अपेंड २०२३ मध्ये आलेल्या पांडाज २.० मधून काढूनच टाकलंय, आता कॉनकॅट वापरावं लागतं. गंमत बघा, जे कार्ड जितकं पक्कं, ते तितकं उशिरा दिसतं, म्हणजे शिळं झालेलं कळायलाही तितकाच उशीर.

याउलट एसक्यूएलच्या जॉइन, ग्रुप बायच्या कार्डांना हातही लावावा लागलेला नाही. त्यामागचं संगणकशास्त्रज्ञ कॉड यांचं रिलेशनल मॉडेल (डेटा तक्त्यांत मांडण्याची कल्पना) १९७० चं, एसक्यूएलचं पहिलं प्रमाणीकरण १९८६ चं, आणि अजून खणखणीत चालतंय.

तर जाणकारहो, टिकणारं कोणतं आणि दोन वर्षांत बाद होणारं कोणतं, हे शिकतानाच कसं ओळखता? बदलत्या गोष्टींची कार्डं करावीतच का, की त्या वेळी डॉक्युमेंटेशन उघडावं? (‘सगळं सोडा, पुस्तकं वाचा’ हा सल्ला कृपया नको. तो भरपूर मिळालाय.)

प्रतिसाद:
कार्डाला आवृत्तीचा टॅग लावा. मोठी आवृत्ती आली की चेंजलॉग (काय बदललं त्याची यादी) समोर ठेवून त्या टॅगची कार्डं एका बैठकीत चाळायची, बाद झालेली सस्पेंड, म्हणजे न पुसता बंद करायची. दुसरं म्हणजे आज्ञा पाठ करण्याऐवजी कारण विचारा. ‘ओळी एकेक न जोडता यादीत गोळा करून एकदाच का जोडाव्यात?’ कारण दर वेळी अख्ख्या डेटाफ्रेमची नक्कल होते. अपेंड गेलं तरी हे उत्तर कॉनकॅटलाही लागू आहे. नेमकी आज्ञा एडिटर सुचवतोच की.

धागाकर्ता:
कारणाचं कार्ड एकदम पटलं, आजच करतो. पण टॅग नसलेल्या जुन्या कार्डांचा ढीग आहे त्याचं काय? एकेक तपासत बसायचं, की सरळ उडवून नव्याने सुरुवात करायची? कुणी केलंय का असं?