पुण्यातल्या जुन्या कोनशिला, शिलालेख, पाट्या शोधून फोटो काढायचेत, सुरुवात कशी करू?

कसब्यातली_सई:
नमस्कार मंडळी. रोज ऑफिसला जाता-येता कसबा, सोमवार पेठेतून जाते आणि हल्ली नजर सारखी भिंतींवरच जाते. कुठे निळा गोल फलक, कुठे देवळाच्या ओट्यात बसवलेला अक्षरांचा दगड, कुठे जुन्या इमारतीच्या दारावर संगमरवरी कोनशिला जिच्यावर रंगाचे चार थर बसलेत. अमेरिकेत लोक रस्त्याकडेच्या ऐतिहासिक पाट्या शोधत फिरतात, फोटो आणि जागा नोंदवतात, २००६ पासून त्यांची एक मोठी ऑनलाइन यादीच आहे. ती बघितल्यापासून वाटतंय की आपल्याकडे तर कितीतरी जास्त आहे आणि कुणीतरी हे नीट करायला हवं, मग मीच का नको.

अडचणी अशा: एक, मोबाइलवर दगडातली अक्षरं उमटतच नाहीत, सगळं सपाट करडं दिसतं. दोन, फोटोबरोबर नेमकं काय लिहून ठेवायचं? तीन, कुठे फोटो काढायला बंदी असते? आणि शनिवारवाडा, लाल महाल सोडून सुरुवात कुठून करावी तेही सांगा.

नागझरीकाठ:
सई, सोमवार पेठेतून जाताच आहात तर त्रिशुंड गणपतीपासूनच सुरू करा, दुसरीकडे जायची गरजच नाही. नागझरीच्या काठी आहे, बाहेरून लक्षातही येत नाही. आत गाभाऱ्याच्या भिंतीवर तीन शिलालेख आहेत, दोन संस्कृत आणि एक फारसी, एकाच देवळात! बांधकाम १७५४ ला सुरू झालं आणि १७७० च्या सुमारास संपलं, भीमगिरजी गोसावींनी बांधलं. दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळीने बांधणारे सैनिक कोरलेत तेही बघा. फक्त शिलालेखाचा क्लोजअप काढून निघू नका, आधी अख्ख्या भिंतीचा, मग दगड भिंतीत कुठे आहे त्याचा आणि मग अक्षरांचा असे तिन्ही घ्या, नाहीतर वर्षभराने आपल्यालाच कळत नाही हा दगड कुठला होता.

तुमच्याच वाटेवर फरासखान्याशी बाहुलीचा हौद आहे, डॉ. विश्राम रामजी घोले यांनी मुलीच्या आठवणीसाठी बांधलेला. रोज शेकडो लोक तिथून जातात पण थांबून बघणारं कुणी दिसत नाही, मला हे फार लागतं.

दगडवेडा_विनू:
उजेडाचं मी सांगतो कारण निम्मं काम तिथंच आहे. दुपारी बाराच्या उन्हात शिलालेखाचा फोटो काढूच नका. ऊन समोरून किंवा डोक्यावरून पडलं की खोदलेल्या अक्षरात सावलीच राहत नाही, मग कॅमेरा कितीही भारी असो, सपाटच येणार. सकाळी सूर्य वर आल्यावर पहिला तास दीड तास नाहीतर संध्याकाळी पाच नंतर जा, ऊन भिंतीला घासून जायला पाहिजे. आणि दगड सावलीत असेल, जे देवळात नेहमीच असतं, तर साधी एलईडी टॉर्च घ्या, दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा आणि फ्लॅश बंद ठेवा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून, असे वेगवेगळे फोटो. एका बाजूने जी मात्रा दिसत नाही ती दुसऱ्या बाजूने दिसते, तेव्हा जो आनंद होतो तो सांगून समजणार नाही.

हात जोडून एकच सांगणं. अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, कुंकू, तेल, काही म्हणजे काही लावायचं नाही, तारेच्या ब्रशने घासायचं नाही. खडू दगडाच्या छिद्रात शिरतो आणि आपण ज्या रेषेवर फिरवला ती कोरलेली होती की नुसता ओरखडा होता हे नंतर येणाऱ्याला कळतच नाही. धूळ असेल तर मऊ कोरडा ब्रश, तोही पुजाऱ्यांना विचारून. केंद्राच्या संरक्षित स्मारकाला इजा केली तर कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, पण कायद्याचं सोडा, तीनशे वर्षं टिकलेलं आपल्या हातून जाऊ नये.

चावडीसमोर:
नागझरीकाठ यांच्याशी मी थोडा असहमत आहे. त्रिशुंड सुंदर आहेच पण त्याचे लेख कधीच वाचून झालेत, तो उद्याही तिथंच असणार. आधी ज्याची कुठेच नोंद नाही ते काढा. पुण्याबाहेर कुठल्याही गावात महादेवाच्या नाहीतर भैरोबाच्या देवळाबाहेर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, उभे असतात, काही अर्धे जमिनीत, काहींना शेंदूर. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत ह्याची कीर्ती. नाव बहुतेकांवर नसतंच, म्हणून तर फोटो आणि जागा एवढाच त्याचा पुरावा. शेजारी बांगड्या भरलेला कोपरात दुमडलेला हात दिसला तर ती सतीशिळा.

आणि काही गावांत चावडीला किंवा शाळेच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची पांढरी पाटी असते, ह्या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या युद्धात गेले आणि त्यातले इतके वारले. नुसता आकडा, नावं नाहीत. चावडी पाडून नवीन ग्रामपंचायत बांधली की ती पाटी कुठे जाते कुणाला विचारायचं? शहरातही तेच. भिडे वाडा बघा, १८४८ ला फुले दांपत्याने मुलींची शाळा जिथं काढली ती जागा, डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी वाडा पाडला. स्मारक व्हायलाच हवं, पण त्याच्या जिन्याचे, दाराचे, बाहेरच्या पाटीचे फोटो आता काढता येत नाहीत, ज्यांनी आधी काढले तेवढेच आपल्याकडे उरलेत. म्हणून म्हणतो, ज्या वाड्याला पत्रे लागलेत तिथं आधी पळा.

कसब्यातली_सई:
बापरे, इतकं सगळं! टॉर्च लगेच करून बघते. चावडीसमोर, तुमचं पटतंय, पण मग पाटीच नसलेल्या जागांचं काय? म्हणजे सातारा रस्त्याच्या बाजूला कात्रजच्या नळाचे ते उंच दगडी उच्छ्वास, त्यांचेही काढायचे का? आणि शिलालेखात शके दिसलं की इसवी सन कसा काढायचा?

मोडीवाचक:
उच्छ्वास जरूर काढा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, त्या नळावर हवा सुटायला हे उच्छ्वास बांधलेत. एकेक सुटा बघितला तर नुसता दगडी खांब वाटतो, नकाशावर टिंबं जोडली की पाणी कुठून कसं आलं ते दिसायला लागतं. म्हणून प्रत्येक फोटोला लोकेशन हवंच.

आता तारखा. शके मध्ये ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या तीनेक महिन्यांतली मिती असेल तर ७९. शेजारी संवत्सराचं नाव असतं, ते साठ वर्षांनी फिरून येतं, त्यामुळे आकडा झिजला असेल तरी ताळा बघता येतो. शके १६७६ म्हणजे भाव संवत्सर, १७५४-५५. आकड्यातला ६ आहे की ५ आहे असा घोळ झाला की संवत्सरच सोडवतं. जुन्या कागदांत आणि काही दगडांवर शुहूर सन, म्हणजे शकेहून वेगळी कालगणना, येतो, तो अरबी शब्दांत असतो आणि मृगाला सुरू होतो. खमस खमसैन मया व अलफ, म्हणजे पाच, पन्नास, शंभर आणि हजार, ११५५. त्यात ५९९ मिळवा, १७५४ येतं, आणि पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. पहिल्यांदा जड जातं पण दोनचार वाचलेत की हात बसतो.

जे दिसतं तेच उतरवून घ्या, ओळीला ओळ. अक्षर फुटलं असेल तर तिथं टिंबं द्या, अंदाजाने भरू नका. अंदाज खाली वेगळा लिहा. मोडी किंवा फारसी असेल तर फोटो घेऊन सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन विचारा, १९१० पासूनची संस्था आहे, जाणकार भेटतात.

नागझरीकाठ:
बंदीचं राहिलंच. कॅम्प आणि खडकीत लष्कराच्या भिंती, गेट, आत दिसणाऱ्या इमारती यांचे फोटो काढू नका, पाटी कितीही जुनी असली तरी. सेंट मेरीज चर्च १८२५ चं आहे, आत भिंतीभर अधिकाऱ्यांच्या स्मृतीतल्या संगमरवरी पाट्या आहेत, पण आधी ऑफिसात विचारा आणि प्रार्थनेच्या वेळी जाऊ नका. पेठेतल्या वाड्यात शिरताना दारातून हाक मारा, कशासाठी आलो ते सांगा, घरातली माणसं फोटोत नको. म्हातारी माणसं असतील तर थोडं बसा, दगड मुळात कुठे होता आणि कधी हलवला हे फक्त त्यांनाच माहीत असतं, तेही तारीख घालून लिहून ठेवा.

दगडवेडा_विनू:
सई, रविवारी सकाळी सातला त्रिशुंडला येताय का? टॉर्च दोन आहेत माझ्याकडे, एकाने धरायची आणि एकाने फोटो काढायचा. चावडीसमोर, तुम्हीही या, मग तिथून तुम्ही म्हणता त्या पत्रे लागलेल्या वाड्यांकडे जाऊ.