आतड्यांतले 'जंतू' की 'जीवाणू'? आणि 'प्रोटीन सिंथेसिस'ला काय म्हणावे?

प्रश्न

आतड्यांतले बॅक्टेरिया आणि कॅन्सरवरची इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार) यांविषयी जे संशोधन झाले आहे, ते रुग्णांच्या घरच्यांसाठी सोप्या मराठीत लिहिते आहे. 'पोटातले जंतू' चालेल का? 'प्रोटीन सिंथेसिस'साठी 'प्रथिन संश्लेषण' लिहिले, तर आत्याने विचारले, "म्हणजे डाळी जास्त खायच्या का?"

प्रतिसाद

ताई, 'जंतू' नको, 'जीवाणू' लिहा. संस्कृतात जंतु म्हणजे कुठलाही जीव, आणि 'जीवजंतू'मध्ये तो अर्थ टिकूनही आहे. पण एकटा 'जंतू' आता मारण्यासाठीच उरला आहे: जंतुसंसर्ग, जंतुनाशक, निर्जंतुक. त्याला 'पोटातले' जोडले की लोकांना जंत आठवणार आणि शाळेत मिळणारी जंताची गोळी.

तुमच्या विषयात हा घोळ महागात पडेल. पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेतल्या संशोधकांचा अभ्यास २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. इम्युनोथेरपी सुरू होण्याच्या सुमारास ज्यांनी प्रतिजैविके (अँटिबायोटिक) घेतली होती, त्यांना तिचा फायदा कमी झालेला दिसला. ज्यांना गुण आला, त्यांच्या मलात अकरमान्सिया म्युसिनिफिला हा जीवाणू जास्त आढळला. घरात उरलेली अँटिबायोटिकची पट्टी 'जंतू मरू देत' म्हणून मनाने घेणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्या हाती 'जंतू' हा शब्द देऊ नका. मात्र संसर्ग झाला म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध घ्यायलाच हवे, हे त्याच परिच्छेदात येऊ द्या.

'पोट'ही ढिला शब्द. जठरातल्या आम्लात फार थोडे जीवाणू तग धरतात. मुख्य वस्ती मोठ्या आतड्यात.

प्रतिसाद

आत्यांचा प्रश्न रास्त आहे. 'प्रथिने' म्हटले की डाळ, अंडी, पनीर हेच डोळ्यांसमोर येते. 'पेशीत होणारी प्रथिननिर्मिती' लिहा. 'पेशीत' हा शब्द गाळू नका. दहावीच्या विज्ञानात प्रतिलेखन आणि भाषांतरण हे टप्पे आहेत, तेही वापरता येतील. डीएनएमधला मजकूर आरएनएवर उतरतो ते प्रतिलेखन, आणि त्याबरहुकूम रायबोसोम हे पेशीतले यंत्र प्रथिनाचे घटक, म्हणजे अमिनो आम्ले, जोडत जाते ते भाषांतरण. जीवाणूंचा रायबोसोम आपल्यापेक्षा वेगळा असतो. डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके नेमके त्यालाच अडवतात आणि जीवाणूंची प्रथिननिर्मिती थांबते. आतड्यांतल्या उपयोगी जीवाणूंचाही त्यातून बचाव होत नाही.

प्रतिकारशक्तीशी जोड इथेच दाखवता येईल. पेशी आत तयार झालेल्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते आणि टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी, ते तपासतात. २०२० मध्ये 'सायन्स'मध्येच आलेल्या एका अभ्यासात एंटेरोकॉकस हिरी या आतड्यातल्या जीवाणूत राहणाऱ्या विषाणूच्या प्रथिनाचा एक तुकडा कॅन्सरच्या गाठीतल्या प्रथिनाच्या तुकड्याशी मिळताजुळता निघाला. उंदरांमध्ये, पहिला तुकडा ओळखणाऱ्या टी पेशी गाठीवरही चालून गेल्या. मला तरी हे वाचून थक्क व्हायला झाले. आणि बघा, या एका वाक्यात जीवाणू आणि विषाणू दोन्ही आले. तिथे 'जंतू' लिहून भागणारच नाही.

प्रश्न

पटले. आता 'फीकल ट्रान्सप्लांट'? 'विष्ठा प्रत्यारोपण' लिहायला हात धजत नाही.

प्रतिसाद

'मलजीवाणू रोपण' लिहा, म्हणजे दात्याच्या मलातले जीवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडणे. 'मल' वैद्यकात रुळलेला आहे आणि खरे रोपण जीवाणूंचेच होते.

क्रियापदही जपून निवडा. 'जीवाणूंमुळे कॅन्सर बरा होतो' असे कुठेही येऊ देऊ नका. '-मुळे' म्हटले की कारण सिद्ध झाले असा अर्थ होतो. बहुतेक ठिकाणी 'संबंध आढळला' एवढेच म्हणता येते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या चाचणीत, आधी इम्युनोथेरपीला दाद न दिलेल्या मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) १५ रुग्णांना रोपणासोबत पुन्हा इम्युनोथेरपी दिली. ६ जणांना फायदा झाला. इस्राएलच्या शेबा रुग्णालयात १० पैकी ३ जणांना. हे आकडे जसेच्या तसे छापा आणि उरलेल्या ९ आणि ७ जणांना फायदा झाला नाही, हेही लिहा. वाचणाऱ्याच्या घरात रुग्ण आहे.