रफू, ठिगळ, टाका: तुमच्या घरातल्या आठवणी लिहा

मोगरा
चार दिवसांनी पावसाने उघडीप दिली म्हणून सकाळी गच्चीवर चादरी वाळत घातल्या. त्यातल्या एका जुन्या सोलापुरी चादरीतून ऊन आरपार आलं आणि मधोमध तळहाताएवढा चौकोन दिसला. विणल्यासारखा! सासूबाईंचं काम. इतकी वर्षं ती चादर मी अंथरते, धुते, घडी घालते, पण हा चौकोन कधी जाणवलाच नव्हता. हातालाही लागत नाही.

आम्ही तेव्हा पंचवटीत वाड्यात राहायचो. दुपारची भांडी झाली की त्या खिडकीशी बसायच्या. फाटलेल्या जागेखाली करवंटी पालथी धरायच्या, म्हणजे कापड ताणून राहतं. आधी सगळे उभे धागे. मग आडवा धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून. घाई नाही, बोलणं नाही. आज त्यांची फार आठवण आली. कुणी एवढ्या मायेने एका चादरीला वेळ देतं याचं मला तेव्हा काही वाटायचं नाही, आज वाटतंय.

तुमच्याकडे कोण करायचं? अजून कोणी करतं का? उशीचे अभ्रे, पडदे, स्वेटर, काहीही चालेल. लिहा.

रेवा_कॉलेजरोड
करवंटी!! आमच्याकडे मोज्यांसाठी विजेचा गेलेला बल्ब असायचा. मोज्यात घालायचा आणि टाच रफू करायची. आता एलईडी आले, तसा गोल काचेचा बल्बच मिळत नाही.

सुगरण७२
बल्ब नाही तर वाटी घाल गं. कुकर लावून येते, मग सविस्तर लिहिते.

नाशिकरोडकर
कॉलर उलटवणं कोणालाच आठवत नाही का? वडिलांचं शिलाईचं दुकान होतं, नोट प्रेसमधली बरीच मंडळी गिऱ्हाईक. शर्टाची कॉलर मानेवर घासून विरली की ती उसवायची, पालटायची, विरलेली बाजू खाली घालून परत टीप मारायची. शर्ट पुन्हा ऑफिसला जायला तयार. कफांचंही तसंच.

रफू मात्र वडील करत नसत. ते काम वेगळं, माणूस वेगळा. गरम पॅन्ट, कोट असं काही आलं की ते एका चाचांकडे द्यायचे. चाचा मूळचे उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे. काश्मिरी शाली रफू करणारी घराणी तिकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मी कपडे पोचवायला जायचो आणि तिथेच बसून राहायचो. पॅन्टच्या पायाची दुमड उसवून किंवा आतल्या शिलाईच्या मार्जिनमधून ते त्याच कापडाचे धागे काढून घ्यायचे. म्हणायचे, बाजारातला दोरा दुकानात जुळतो, उन्हात उघडा पडतो. भोकाच्या कडेला सुई कधीच घालायची नाही, थोडं लांब, धड कापडातून सुरुवात करायची, कारण कड आधीच विरलेली असते, तिच्यावर ताण आला की भोक मोठं होतं. गाठ मारायची नाही. ओळ संपून वळताना धागा किंचित सैल सोडायचा. नवा धागा धुतल्यावर आटतो, सैल नसेल तर चुण्या पडतात. आणि तिरक्या विणीचं कापड असेल तर ती तिरकी रेघसुद्धा जुळवायची, दोन धागे वर, एक खाली, पुढच्या ओळीला एक घर सरकून.

सिगारेटने पडलेलं भोक त्यांनी बुजवलं की वडील चष्मा लावून शोधायचे आणि सापडलं नाही की मला हाक मारायचे, "ये, तू शोध." अशा हातांना शाळा-कॉलेजात शिकवायला बोलवायला हवं होतं, असं मला फार मनापासून वाटतं.

मोगरा
दादा, धागा सैल सोडायचा हे आत्ता कळलं. सासूबाई करायच्या तसं, पण कारण कधी सांगितलं नाही त्यांनी.

येवल्याची_लेक
पैठणीवालीही एक हजेरी. आमच्या येवल्यात मागावरच्या पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखा दिसतो, मागे सुटे धागे नसतात. त्यामुळे तिच्या रफूला लपायला जागाच नाही. उलट बाजूने काम उरकू म्हटलं तर तीही सुलटच! म्हणून भोक पडूच नये हे बघा. सेफ्टी पिन खांद्यावर लावताना साडीखाली कापडाचा छोटा तुकडा घ्या, ओढ त्याच्यावर येते. जरीची घडी एकाच जागी ठेवू नका, तिथेच चिरते. अधूनमधून उलगडून वेगळी घडी घाला. प्लास्टिकच्या पिशवीत नको, मलमल किंवा जुनं सुती धोतर उत्तम.

आईची लग्नातली पैठणी मी अशीच जपतेय.

रेवा_कॉलेजरोड
रंग कोणता गं आईच्या पैठणीचा?

येवल्याची_लेक
कुसुंबी, हिरवे काठ. फोटो टाकते संध्याकाळी.

तिवंधा_चौक
आमच्या आईचा शिवणाचा हंगाम म्हणजे रंगपंचमीनंतरचा आठवडा. रहाडीत, म्हणजे चौकातल्या रंगाच्या हौदात, उडी मारून आलेला एकही शर्ट धड नसायचा. बगलेत उसवलेला, खिसा लोंबतोय, रंग तर जातच नाही. ती तो शर्ट टाकून द्यायची नाही, शिवून पुढच्या वर्षीच्या रहाडीसाठी बाजूला ठेवायची. वर्षानुवर्षं तोच शर्ट!

पंचवटीकर
रहाड म्हणाल तर शनी चौकाची. बाकी नंतर.

तिवंधा_चौक
भाऊ, धागा शिवणाचा आहे, इथे नको 😄 पण तिवंधाच.

सुगरण७२
आले. आमची आजी अंगावरचा कपडा शिवू द्यायची नाही. शाळेला निघताना बटण तुटलंच तर तोंडात काडी धरायला लावायची आणि मग टाका घालायची. तिन्हीसांजेनंतर शेजारणीला सुई द्यायची नाही. आणि लुगड्याला दंड घालणं! मधे विरलं की तो भाग कापून काढायचा आणि उरलेली दोन धड टोकं जोडायची. नेसताना ती शिवण निऱ्यांत जाईल असा हिशोब असायचा. आजीचं गणित शाळेतलं नव्हतं, पण हे वार-हाताचं माप कधी चुकलं नाही. शेवटी त्या लुगड्याचीच गोधडी.

कॅम्पातली
काडी आमच्याकडेही! देवळालीत शेजारी पंजाबी कुटुंब होतं, त्या काकूही काहीतरी तोंडात धरायला सांगायच्या. आमचे हे फौजेत, बटण, हुक, फाटलेला खिसा सगळं स्वतः शिवतात, अजूनही. मुलालाही शिकवलं. मुलगे शिकले पाहिजेत.

निफाडकर
गोधडीचा विषय निघाला म्हणून. निफाडची थंडी पेपरात वाचता तुम्ही, आम्ही वाकळीत काढतो. जुनी सुती पातळं एकावर एक, कडेने सुरू करून धावदोरा आत आत मधापर्यंत. वरचा थर विरला की ठिगळ, ठिगळंही विरली की अख्खं नवं पातळ वरून. आमच्या घरातल्या वाकळीत खाली कोणाकोणाची पातळं आहेत ते फक्त आई सांगू शकते. रंग बघून नावं घेते ती.

बाकी आमचं शिवणकाम म्हणजे द्राक्षबागेवरची पक्ष्यांची जाळी. दाभण आणि नायलॉन दोरी. मणी गोड व्हायला लागले की एक भोकही महागात पडतं.

नवीन_सिडको
सुई कुठल्या नंबरची घ्यावी? मुलीच्या सुती कुर्त्याला गाडीच्या स्टँडमध्ये अडकून काटकोनात फाटलंय. ती टाकून दे म्हणते. मला टाकायचा नाही.

नाशिकरोडकर
नका टाकू ताई. हाताच्या सुईचा नंबर मोठा तेवढी सुई बारीक, नऊ-दहाची घ्या. मशीनच्या सुईचं उलटं असतं, गोंधळू नका. आतून त्याच रंगाचा पातळ कापडाचा तुकडा ठेवा, कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि दोन्ही बाजूंना बाहेर जा. कोपऱ्यावर टाके जवळजवळ, तिथेच पुन्हा फाटतं. दोरा कापडाच्या धाग्याइतकाच जाड हवा. जाड दोरा मऊ सुती कापडाला कापतो.

नवीन_सिडको
खूप आभार दादा. रात्री बसते. आणि रफूवाले अजून बसतात का नाशकात?

पंचवटीकर
मेन रोडच्या गल्ल्यांत विचारा, ड्रायक्लीनवाल्यांना माहीत असतं. ते त्यांच्याकडेच पाठवतात.

मोगरा
निफाडकर, तुमच्याकडे गोधडी शिवून देतात का कोणी? सासूबाईंची नऊवारी ठेवली आहेत, पेटीत नुसती पडून आहेत.

निफाडकर
देतात ना काकू. वस्तीवर दोघी-तिघी आहेत, हात चांगला आहे. फक्त सुती द्या, सिंथेटिक मधे घातलं की थर सरकतात. पण आत्ता नको, सगळ्या कांद्याच्या लागणीला जातात. दसऱ्याच्या सुमारास द्या, थंडीच्या आत होईल.

सुगरण७२
माझीही धरा. आणि रोपं कुठली लावताय यंदा, लाल कांद्याची?