मदत हवी आहे: काळ्या सॅटिनच्या पोशाखासाठी प्रकाशयोजना
नमस्कार. एका छायाचित्रकार मैत्रिणीच्या फॅशन शूटसाठी प्रकाशयोजनेची जबाबदारी माझ्याकडे आहे; मॉडेल, मेकअप आर्टिस्ट आणि डिझायनर असे सगळेच मानधन न घेता परस्पर सहकार्याने काम करत असल्यामुळे प्रत्येकाला आपल्या कामाचा उत्तम नमुना मिळावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मुख्य पोशाख काळ्या सॅटिनचा, पायघोळ आणि भरपूर चुण्यांचा आहे. मोठा ऑक्टाबॉक्स (दिव्यावर बसवायची, प्रकाश मऊ करणारी अष्टकोनी पेटी) समोरून ४५ अंशांवर ठेवला की चेहरा सुरेख उजळतो, पण कापडाच्या चुण्या काळ्या रंगात बुडून जातात, आणि प्रकाश वाढवला तर चेहऱ्यावरचे तपशील हरवतात. चकचकीत कापडाच्या बाबतीत दिव्याचे प्रतिबिंब कोणत्या कोनातून कॅमेऱ्यात येते हे तीव्रतेपेक्षा महत्त्वाचे असते, म्हणून बाजूला, मॉडेलच्या किंचित मागे, ग्रिड (प्रकाश आजूबाजूला पसरू न देणारी जाळी) लावलेला उभा स्ट्रिपबॉक्स (अरुंद, लांबट प्रकाशपेटी) ठेवण्याचा माझा विचार आहे.

तो एकाच बाजूला पुरेसा ठरेल, की दुसऱ्या बाजूला प्रकाश परतवण्यासाठी पांढरा थर्माकोलही लागेल? मॉडेल चालू लागल्यावर चुण्यांवरची चमक सतत जागा बदलणार, तेव्हा दिव्याचे स्थान कसे निश्चित करावे? शिवाय, कॅमेरा मैत्रिणीच्या हाती असताना प्रकाशातले बदल नेमके कधी सुचवावेत, याबद्दलही अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.