माझं कृपादान कोणतं, कसं कळणार?

प्रश्न: सगळ्यांना सलाम. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) सध्या कृपादानांवर, म्हणजे देव सेवेसाठी ज्या देणग्या देतो त्यांवर, शिकवण चालूय. मला गाता येत नाही, चारचौघांत प्रार्थना करायची म्हटलं की घाम फुटतो, मग मी सेवा करायची तरी कुठे? ऑनलाइन टेस्ट दिली तर "भविष्यवाद" (देवाचा संदेश सांगण्याचं दान) आलं, घरचे अजून हसतायत 😅

उत्तर १: टेस्ट सोड. बायबलमधलं १ करिंथ १२:२८ बघ, तिथे चमत्कार आणि अन्यभाषांच्या (न शिकलेल्या भाषेत बोलण्याच्या) जोडीला मदत करणं आणि कारभार बघणं पण आहे, आणि आपण मात्र माईक हातात असलेल्यालाच दान आहे असं धरून चालतो.

उत्तर २: रोम १२ पण वाच, दानधर्म, दया सगळं आहे त्यात. आणि आधी करून बघ रे, मी संडे स्कूलला बदली म्हणून गेले, दोन रविवार पोरांनी पार डोक्यावर मिऱ्या वाटल्या, तिसऱ्या रविवारी एकीच्या आईनेच सांगितलं की पोरगी घरी जाऊन गोष्ट सांगते, मला स्वतःला कधीच कळलं नसतं.

उत्तर ३: ना. वा. टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले पण कवी आधीपासूनच होते, तीच कविता पुढे भजनांत आली. तू एरवी काय करतोस?

प्रश्नकर्ता: अकाउंट्स 🙈

उत्तर ३: अरे मग पाळकांना भेट, खजिनदार शोधत असतील!