डेंग्यूनंतर व्यायाम आणि पथ्य दोन्ही सुटले आहेत. पुन्हा सुरुवात कोठून करावी?

रामबागकर

सर्वांना नमस्कार. माझे वय 47 असून मी इंदूरमध्येच एका बँकेत नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत माझे एचबीएवनसी (रक्तातील साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) 6.1 निघाले, तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस जिम, रात्री आठच्या आत जेवण आणि सराफ्याची, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजाराची, फेरी महिन्यातून एखादीच, असा नेम मी धरला होता. त्याने वजन 81 किलोवरून 74 वर आले आणि एचबीएवनसी 5.6 झाले. गेल्या गणपतीनंतर मला डेंग्यू झाला, रुग्णालयात राहावे लागले आणि घरी आल्यावरही अशक्तपणा बरेच आठवडे हटला नाही. तोवर दिवाळी आली, दिवाळीमागून घरातले लग्न आले आणि लग्नामागून थंडी, म्हणजे आपल्याकडे गराडूचा (तळून खाल्ल्या जाणाऱ्या कंदाचा) हंगाम. आज संक्रांतीच्या तोंडावर वजन 79 आणि एचबीएवनसी 5.9 आहे. डॉक्टरांनी ईसीजी व रक्ततपासणी पाहून व्यायामाला परवानगी दिली आहे. कोणतेही औषध चालू नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. माझ्या जुन्या वहीत स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक) 60 किलो आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणे) 70 किलो अशी नोंद आहे. जिममधील प्रशिक्षक म्हणतात की शरीराला सगळे लक्षात असते, दोन आठवड्यांत जुन्या वजनांवर या. उलट कार्यालयातील स्नेही म्हणतात की तीन महिने केवळ चालावे आणि वजनांना हातही लावू नये. यांपैकी कोणाचे ऐकावे? दुसरा प्रश्न असा की, चढलेले पाच किलो लवकर उतरावेत म्हणून आठवड्यातून दोन दिवस कडकडीत उपवास करावा, असे घरातून सुचवले जात आहे. व्यायाम सुरू करत असतानाच असा उपवास करणे योग्य ठरेल का?

रेसिडेन्सीची_सकाळ

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे आणि पावसाळा संपला की आमच्याकडे आपल्यासारखी मंडळी हमखास येतात; त्यांतली बरीचशी आजारामुळे नव्हे, तर आजारानंतरच्या घाईमुळे येतात.

प्रशिक्षकांचे विधान खोटे नाही, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष धोक्याचा आहे. स्नायूच्या एकेका तंतूत अनेक पेशीकेंद्रके असतात आणि व्यायामाने त्यांची संख्या वाढते. ओस्लो विद्यापीठातील संशोधकांनी 2010 साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की स्नायू रोडावल्यानंतरही ही वाढीव केंद्रके टिकून राहतात. माणसांच्या बाबतीत या मुद्द्यावर अजून वाद असला, तरी पूर्वी कमावलेली ताकद नवशिक्यापेक्षा लवकर परत मिळते, हा अनुभव आम्हांला रोज येतो. मात्र खंड पडल्यावर शरीरातील सर्व गोष्टी सारख्याच वेगाने जात नाहीत आणि सारख्याच वेगाने परतही येत नाहीत. सर्वांत आधी जातो तो दम, कारण व्यायाम थांबल्यावर पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते, हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि नेहमीच्याच चालीला नाडी अधिक जलद चालू लागते. ताकद तीन-चार आठवडे बऱ्यापैकी टिकते, पण ती निरोगी माणसाची गोष्ट झाली; ताप, अंथरुण आणि तुटलेले जेवण ही तीन एकत्र आली की स्नायू याहून पुष्कळ लवकर झिजतात. परतीच्या वाटेवर स्नायू पुढे धावतात आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मागे राहतात, कारण कंडरांना रक्तपुरवठा कमी असतो आणि त्यांच्यातील बदल सावकाश होतात. म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘आता जमते आहे’ असे वाटू लागते, वजन झपाट्याने वाढवले जाते आणि नेमका तेव्हा खांदा, गुडघा किंवा टाच धरते.

अमेरिकेतील बळ-प्रशिक्षकांच्या दोन संघटनांनी 2019 साली खंडानंतर परतणाऱ्या खेळाडूंसाठी संयुक्त मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्याचा गाभा असा की पहिल्या आठवड्यात व्यायामाचे एकूण प्रमाण नेहमीच्या निम्म्यावर ठेवावे आणि नंतरच्या आठवड्यांत ही कपात अनुक्रमे 30, 20 आणि 10 टक्क्यांवर आणावी. ते विशीतल्या महाविद्यालयीन खेळाडूंसाठी आहे. आपले वय आणि आजार पाहता मी प्रत्येक पायरीला एक नव्हे, दोन आठवडे देईन. म्हणजे स्क्वॉट 30 किलोने आणि डेडलिफ्ट 35 किलोने सुरू करावी, प्रत्येकी दोनच सेट, आठ ते दहा आवर्तने, आणि सेट संपला तेव्हा आणखी तीन आवर्तने सहज झाली असती असे वाटले पाहिजे. दोन सत्रांमध्ये एक दिवस मोकळा ठेवावा. या हिशोबाने आपण रंगपंचमीच्या सुमारास जुन्या आकड्यांजवळ असाल.

केवळ चालण्याचा सल्ला मला अपुरा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबरच किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायामही सांगितला आहे, आणि आपल्या बाबतीत तर तो अधिकच हवा, कारण जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. मोकळ्या दिवशी रीजनल पार्कमध्ये किंवा नेहरू पार्कमध्ये अर्धा-पाऊण तास अवश्य चालावे, पण बोलता येईल इतक्याच वेगाने.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. पहिल्या सत्रांनंतर एक ते तीन दिवस अंग दुखणे नेहमीचे आहे, परंतु स्नायू सुजून कडक झाले आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला, तर घरी शेकत न बसता त्याच दिवशी रुग्णालयात जावे; खंडानंतर एकाएकी अति व्यायाम केल्याने स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. तसेच विषाणूज्वर हृदयाच्या स्नायूलाही कधी कधी स्पर्श करून जातो, म्हणून छातीत दुखणे, धडधड किंवा चालीच्या मानाने फार धाप लागणे यांपैकी काहीही जाणवले, तर ईसीजी पूर्वी चांगला आला होता एवढ्यावर विसंबून राहू नये.

जुना_तालीमबाज

वरील ताईंचे म्हणणे आमच्या उस्तादांनाही पटले असते. तरुणपणी आम्ही ज्या तालमीत जात होतो, तेथे टायफॉइड किंवा मलेरियातून उठलेल्या पोराला पहिला आठवडाभर लंगोट बांधू देत नसत. त्याने फावड्याने आखाड्याची माती उकरायची, तीही थोडी, तेल जिरवायचे आणि बाकीच्यांची कुस्ती पाहत बसायचे. पुढे जोर-बैठका सुरू होत त्यासुद्धा उस्तादांच्या मोजणीने, पोराच्या हौसेने नव्हे. आम्हांला तेव्हा तो अपमान वाटे.

एका बाबतीत मात्र माझे मत जरा वेगळे आहे. जिमची यंत्रे आणि वहीतील किलो यांच्याआधी पंधरवडाभर घरीच सूर्यनमस्कार, बैठका आणि हलके मुद्गल करावेत. स्वतःच्या शरीराचे वजन पेलता येते की नाही हे आधी कळू द्यावे. शिवाय तेथे जुन्या आकड्याशी तुलना करणारे कोणी नसते. खुराकाचे म्हणाल तर दूध-बदाम घ्यावे, पण आमच्यासारखे लोटाभर तूप नव्हे. आम्ही ते दिवसाला हजार बैठका मारून जिरवत होतो, खुर्चीत बसून नव्हे.

वरण_भात_तूप

मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

आधी त्या पाच किलोंची फोड करू या. एक किलो चरबी साठण्यासाठी सुमारे 7700 कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात. त्यामुळे लग्नाच्या चार दिवसांत काटा दोन किलोने पुढे गेला असेल, तर ती सगळी चरबी असणे जवळजवळ अशक्य आहे, कारण त्यासाठी रोज नेहमीच्या जेवणावर आणखी 3850 कॅलरी खाव्या लागल्या असत्या. त्यातला मोठा भाग पाण्याचा असतो. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने करते आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. खारट फराळाने आणखी पाणी साचते ते वेगळेच. नेहमीचे जेवण सुरू झाले की हे पाणी आपोआप उतरते, आणि कडक उपवासाने पहिल्या आठवड्यात जे ‘घटते’ तेही मुख्यतः हेच असते. उलट बाजूही ध्यानात घ्यावी : आजारात आपला स्नायू घटला असेल, तर 79 किलोंमधील चरबी ही काट्यावर दिसणाऱ्या वाढीपेक्षा जास्त असू शकते. त्यामुळे काट्याइतकेच महत्त्व कमरेच्या मापाला द्यावे आणि ते पंधरा दिवसांतून एकदाच घ्यावे.

झिजलेला स्नायू परत बांधायचा असताना आठवड्यातून दोन दिवस उपाशी राहणे म्हणजे गवंडी कामावर बोलावून विटा न मागवण्यासारखे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत; 74 किलोंच्या हिशोबाने ती साधारण 61 ग्रॅम होतात. आजारातून उठून वजने उचलणाऱ्याने माझ्या मते 80 ते 90 ग्रॅमचे लक्ष्य ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. शाकाहारी मराठी घरात हे आपोआप होत नाही. वाटीभर वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, पेलाभर दुधातून आठ, 100 ग्रॅम पनीरमधून सुमारे 18, मूठभर शेंगदाण्यांतून सात आणि 30 ग्रॅम कोरड्या सोयावडीतून 15. अंडे चालत असेल, तर एका अंड्याचे सहा धरावेत. म्हणजे वरण पातळ न करता दाट करणे, दुपारी दह्याची वाटी न चुकवणे आणि सकाळच्या न्याहारीत काहीतरी ठोस ठेवणे, एवढे केले की बरेचसे साधते.

न्याहारीचा विषय निघालाच आहे, तर इंदूरच्या पोह्यांना फुकट दोष देऊ नये. येथे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यामुळे त्यांत तेल बेताचे असते. घोटाळा त्यांच्यावरच्या मूठभर शेवेत आणि शेजारच्या जिलबीत आहे. पोहे खावेत, जीरावन (वरून भुरभुरायचा मसाला) हवे तेवढे घ्यावे, शेव चिमूटभर, जिलबी रविवारी एक, आणि बरोबर दोन उकडलेली अंडी किंवा मोड आलेल्या मुगाची वाटी. गराडू तळलेलाच चांगला लागतो हे मलाही मान्य आहे, म्हणून तो घरी उकडून खाण्याचा सल्ला मी देत नाही. सराफ्यात दोघांत एक प्लेट घ्यावी. संकष्टीचा उपवास श्रद्धेने करत असाल तर अवश्य करावा, पण त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाऊन वजन उतरेल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्यापेक्षा दही, दूध, राजगिरा आणि शेंगदाणे बरे.

छप्पनचा_शेजारी

मला वर्षभर सोळा तास न खाण्याच्या पद्धतीचा चांगला लाभ झाला आहे, त्यामुळे उपवासाला असा सरसकट विरोध मला पटत नाही.

वरण_भात_तूप

विरोध सरसकट नाही. रोजचे जेवण ठरावीक तासांत आटोपणे हे कित्येकांना सोयीचे पडते, कारण त्यात रात्रीचे चरणे थांबते, आणि प्रश्नकर्त्यांचे रात्री आठच्या आतले जेवण त्याच जातीचे आहे. ते त्यांनी उद्यापासून पुन्हा सुरू करावे. माझा आक्षेप सबंध दिवस निर्जळ किंवा निराहार राहून दुसऱ्या दिवशी जिमला जाण्याला आहे. शिवाय हे वाचणाऱ्यांपैकी कोणी मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असेल किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेत असेल, तर त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोळा तासांचा प्रयोगही करू नये, कारण साखर एकाएकी फार खाली जाऊ शकते.

रामबागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तालीमबाज काकांच्या सूचनेप्रमाणे पहिला पंधरवडा घरीच सूर्यनमस्कार आणि बैठका करीन व त्यानंतर 30 किलोने जिम सुरू करीन. आणखी एक विचारायचे राहिले. कार्यालयात मार्चअखेरीचे काम सुरू झाले की दोन-तीन आठवडे रात्री उशिरापर्यंत थांबावे लागते आणि तीन दिवसांची जिम तेव्हा जमणारच नाही. त्या काळात सगळे पुन्हा विस्कटू नये म्हणून किमान किती केले तर चालेल? आणि एचबीएवनसी पुन्हा कधी तपासावे?

रेसिडेन्सीची_सकाळ

मिळवलेली ताकद राखायला ती मिळवण्यापेक्षा फार कमी काम लागते. आठवड्यातून एक सत्र, प्रत्येक मोठ्या व्यायामाचा एकेक सेट, पण वजन तेव्हा चालू असेल तेच, इतक्यावर दोन-तीन आठवडे निभावून जाते. आवर्तने आणि दिवस कमी केले तरी चालतात. वजन हलके केले तर मात्र ताकद घसरते. त्यामुळे मार्चच्या शेवटी रविवार सकाळ राखून ठेवावी आणि इतर दिवशी रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे, कारण साखरेच्या दृष्टीने ती वेळ सर्वांत उपयोगाची आहे. झोप सहा तासांच्या खाली गेली असेल, त्या आठवड्यात नवे वजन वाढवू नये.

एचबीएवनसी हा गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज असतो आणि त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा असतो. फेब्रुवारीत तपासले तर लग्नातील जेवणेच मोजली जातील आणि मार्चअखेरीनंतर लगेच तपासले तर जागरणांचा महिना त्यात अधिक वजनाने येईल; म्हणून एप्रिलचा शेवटचा आठवडा धरावा आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत तपासावे. डेंग्यूत आपल्याला लाल रक्तपेशी चढवल्या असतील किंवा आता हिमोग्लोबिन कमी असेल, तर तसे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्याने हा आकडा चुकीचा येऊ शकतो आणि मग उपाशीपोटीची व जेवणानंतर दोन तासांची साखर पाहणे अधिक विश्वासार्ह ठरते. रुग्णालयाच्या कागदांत रक्त चढवल्याची नोंद आहे का, ते आधी पाहून घ्यावे.