मदत हवी आहे : गणित सुटत नाही, २३ दिवस राहिलेत

वैतागलेला_पोरगा
वर्गात सर गणित सोडवतात तेव्हा सगळं कळतं. रूमवर येऊन तेच करायला बसलो की पाटी कोरी. मागच्या वेळी पण विषय राहिला. सगळं करून बघितलं. काय करू ते नेमकं सांगा. "मन लावून अभ्यास कर" असलं नको प्लीज.

हळदबाजार
कुठलं गणित? बारावी, बीएस्सी, इंजिनिअरिंग? कॉलेज कुठलं?

कृष्णाकाठ
एम-वनच असणार, इंजिनिअरिंगचा गणिताचा पहिला पेपर. माझा दोनदा राहिला होता. मागच्या पाच वर्षांचे पेपर घे आणि सोडव. तेच प्रश्न फिरून फिरून येतात. बास, निघतंय.

निवृत्त_मास्तर_सातारा
एम-वन हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्यानं अजून विषयच सांगितलेला नाही. बाळ, "सगळं करून बघितलं" यातलं सगळं म्हणजे काय?

वैतागलेला_पोरगा
एम-थ्री ओ, इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर. त्यातलं लाप्लास, टी मधलं फंक्शन एस मध्ये बदलायचं ते. रोज चार तास व्हिडिओ बघतो.

निवृत्त_मास्तर_सातारा
त्या चार तासांत पेन किती वेळा उचललंस?

वैतागलेला_पोरगा
नोट्स काढायला उचलतो की.

झटपट_गणित
वैदिक गणित शिक. ११ नं गुणायचं असलं तर शेजारच्या अंकांची बेरीज मध्ये ठेवायची. २३ गुणिले ११, २५३. दोन सेकंदांत!

कृष्णाकाठ
लाप्लासात ११ चा पाढा कुठं येतो राव?

विश्रामबागच्या_काकू
मेसचं खाऊन डोकं चालत नाही मुलांचं. आमच्याकडे एक कॉट रिकामी आहे, घरचं जेवण.

वैतागलेला_पोरगा
काकू, रूम आहे मला.

निवृत्त_मास्तर_सातारा
चुकलेलं एक गणित जसंच्या तसं इथं टाक. नीटनेटकं करू नकोस.

वैतागलेला_पोरगा
१/(एस² + ४) चा इन्व्हर्स, म्हणजे एस वरून परत टी कडे. मी छेद सुटा केला: १/एस² + १/४. पहिल्याचं टी आलं. १/४ चं पुढं काय करतात ते आठवेना.

निवृत्त_मास्तर_सातारा
आठवलं नाही तेच बरं झालं. ही चूक लाप्लासची नाही, शाळेतल्या अपूर्णांकांची आहे. एसच्या जागी ३ घाल. १/(९ + ४) म्हणजे १/१३. तुझ्या रीतीनं १/९ + १/४, म्हणजे १३/३६. सारखे आहेत का? इथं छेद फोडायचाच नव्हता. साइन टू टीचं लाप्लास २/(एस² + ४). तुझ्याकडे वर १ आहे, म्हणून उत्तर साइन टू टीच्या निम्मं. आता सांग, बारावीतून आलास की डिप्लोमातून?

वैतागलेला_पोरगा
डिप्लोमा. डायरेक्ट सेकंड इयर.

निवृत्त_मास्तर_सातारा
अरे, हे पहिल्या ओळीत सांगायचं! म्हणजे पहिल्या वर्षाचं एम-वन, एम-टू तू केलेलंच नाहीस. पहिले ६ दिवस फक्त पार्शल फ्रॅक्शन, म्हणजे एका अपूर्णांकाचे सोपे तुकडे करणं, आणि बाय पार्ट्स, म्हणजे गुणाकाराचं इंटिग्रेशन. शिवाय आज वर्गात झालेलं गणित आजच रात्री, वही झाकून, कोऱ्या कागदावर. अडलास की एकच ओळ बघ, परत झाक, अडलास तिथं खूण कर. तीन खुणा झाल्या की तो कागद घेऊन सरांच्या केबिनला जा.

वैतागलेला_पोरगा
एकदा गेलो होतो. "वर्गात लक्ष कुठं होतं?" म्हणाले.

निवृत्त_मास्तर_सातारा
मीही म्हणायचो. "सर, काहीच कळत नाही" म्हणत येणाऱ्याला. कागद पुढं ठेवणाऱ्याला कधी म्हटलं नाही.

कृष्णाकाठ
सर, २३ दिवसांत अपूर्णांक करत बसला तर पेपर कधी सोडवणार?

निवृत्त_मास्तर_सातारा
सातव्या दिवसापासून तुमचेच पेपर. घड्याळ लावून, उत्तरं न बघता. तुम्ही उत्तरं बघून सोडवायचात ना?

कृष्णाकाठ
... म्हणून तर दोनदा राहिला.

हळदबाजार
कॉलेज सांगलीतलं विलिंग्डन का वालचंद?

झटपट_गणित
विलिंग्डनला इंजिनिअरिंग कुठलं?

हळदबाजार
विश्रामबागेतच आहेत दोन्ही, म्हणून विचारलं. विलिंग्डन १९१९ चं, वालचंद १९४७ चं.

वैतागलेला_पोरगा
सर, वही झाकून केलं. १/(एस(एस + १)). पार्शल फ्रॅक्शन: १/एस − १/(एस + १). उत्तर १ वजा ई चा ऋण टी घात. दुसऱ्या ओळीला एकदा वही उघडली.

निवृत्त_मास्तर_सातारा
बरोबर. एसच्या जागी १ घालून पडताळलंस?

वैतागलेला_पोरगा
१/२ आणि १ − १/२. जुळतंय!

हळदबाजार
कॉलेज सांगितलं नाहीस अजून.